आईची लुगडी : दोन गोधड्या आणि एका दुपट्याच्या कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

काम असं आहे. आईची नऊवारी लुगडी आणि वडिलांची, म्हणजे आप्पांची, धोतरं-सदरे मिळून दोन मोठ्या गोधड्या करायच्या. एक ताईकडे जाईल, एक दादाकडे. कापड उरलं तर भाचीच्या येणाऱ्या बाळाला दुपटं. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. गोधडी करू म्हणणारे पुष्कळ असतात, पण कापड कसं पारखायचं ते कुणी सांगत नाही आणि चांगली लुगडी कात्रीखाली वाया जातात. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आज फक्त निवड केली. ट्रंकेतून सुती लुगडी निघाली, दोन इरकली, एक चंद्रकळा, खणाच्या चोळ्या, आप्पांची धोतरं, नेहरू शर्ट आणि सदरे. दिसण्यावर जायचं नाही हे पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. घडी केलेलं लुगडं अगदी धड दिसतं, पण उजेडाकडे धरलं की घडीच्या रेघेवर चाळण झालेली असते. मग प्रत्येक कापड तीन-चार ठिकाणी दोन्ही हातांच्या चिमटीत बोटभर अंतरावर धरून हलकं ताणलं, आधी उभ्या धाग्यावर, मग आडव्या. धागे सरकले तर ते कापड वरून लावायचं नाही. चर्र झालं तर ते एकट्यानं भार घेऊच शकत नाही. असे तीन ढीग झाले : वर चालेल, पोटात (आतल्या थरांत) चालेल, ठेवूनच द्यावं.

दोन लुगड्यांना खळ तशीच होती आणि नेमकी तीच कसरीनं खाल्ली होती. कसर खळीतल्या स्टार्चसाठी येते. कपडे नुसते आठवण म्हणून ठेवायचे असतील तरी आधी खळ धुऊन काढावी आणि वर्षातून एकदा घडी बदलावी. आम्ही दोन वर्षं ट्रंक उघडलीही नव्हती.

सगळ्यात वाईट अवस्था चंद्रकळेची आहे. काळं अंग, तांबडे काठ. आई दर संक्रांतीला हीच नेसायची. ताई आणि दादा दोघांनीही फोनवर पहिलं नाव हिचंच घेतलं, आणि अंगाचं कापड चिमटीत धरवत नाही. काठ मात्र चिवट आहेत.

९ मार्च, रविवार

धुण्याचं काम. आठवडाभर सगळं सावलीत दोरीवर टाकलं होतं, तरी डांबरगोळ्यांचा वास आहेच. उन्हात टाकलं तर वास लवकर जातो, पण रंगही जातो. घाई नसेल तर सावलीच बरी.

रंग जातो का ते पाहायला ओला पांढरा फडका कापडाच्या कोपऱ्यावर ठेवून गरम इस्त्री दाबली. फडक्यावर डाग उमटला ते कापड बाजूला. एक तांबडं लुगडं भरपूर रंग सोडत होतं. शेजारून व्हिनेगर आणि मीठ घालायचा सल्ला आला. सुती कापडाचा सुटणारा रंग व्हिनेगरनं पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपयोग रेशीम आणि लोकरीच्या काही रंगांना होतो. मीठ रंगवताना लागतं, नंतर नाही. सैल झालेला रंग पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा गार पाण्यात धुऊन काढणे, एवढंच आपल्या हातात. ते तांबडं लुगडं चार पाण्यांनंतरही थांबेना, म्हणून मोठ्या गोधडीतून काढून टाकलं. पांढऱ्या धोतराशेजारी ते आलं असतं तर पहिल्याच धुण्यात सगळ्यावर गुलाबी छटा चढली असती.

चंद्रकळा बादलीत भिजवली आणि दोन्ही हातांनी उचलताना स्वतःच्याच ओल्या भारानं मध्ये हातभर फाटली. जुनं कापड ओलं असताना कधीही असं उचलू नये. त्यानंतरची सगळी लुगडी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घमेल्यात खाली अंथरून धुतली आणि मच्छरदाणीच्या चारही टोकांना धरून बाहेर काढली. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

काळ्या सुती कापडाच्या बाबतीत हे होण्याचं एक कारण रंगातच असतं. सल्फरच्या काळ्या रंगात रंगवलेलं सूत नुसतं ठेवून दिलं तरी हळूहळू आम्ल तयार होतं आणि धागा आतून कुजत जातो. वापरलेलं असो वा नसो, काळं सुती कापड जास्तच सांभाळून तपासावं.

१६ मार्च, रविवार

सदरे. आप्पांचे शाळेत घालायचे सदरे सुती असतील असं मी धरून चालले होते. शिवणीच्या आतून एकेक धागा ओढून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. टेरिकॉटचा (सूत-पॉलिएस्टर मिश्र) धागा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी होतो. बहुतेक सगळ्या सदऱ्यांत मणी निघाला. म्हणजे इस्त्री मध्यम ठेवायची. आणि घामाच्या दिवसांत अंगाला लागेल अशा बाजूला ते लावायचे नाहीत.

कापण्याआधी प्रत्येक कपड्याचा फोटो काढला, पूर्ण उलगडून आणि मग काठाचा जवळून. भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. कुणाला काय अख्खं ठेवायचंय ते तिथेच ठरलं : एक इरकल वहिनीनं मागितली, एक धोतर दादानं, आणि आईची मोरपंखी चोळी ताईनं. हे कापण्याआधी विचारलं ते फार बरं झालं. कात्री लागल्यावर "ते ठेवायला हवं होतं" हे वाक्य ऐकणं कुणालाच परवडत नाही.

२३ मार्च, रविवार

हिशेब आणि फाडणी.

गोधडी ५ बाय ७ फुटांची. नऊ वार म्हणजे २७ फूट. एका लुगड्यातून ७ फुटांचे तीन पन्ने (अख्ख्या रुंदीचे तुकडे) निघतात आणि ६ फुटांचा तुकडा उरतो. पन्ना साधारण ४५ इंची, म्हणून एका थराला दीड पन्ना लागतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, दोन लुगड्यांत चार : एक पाठ आणि तीन पोटातले. वरचा थर तुकड्यांचा. एकूण पाच थर. आत्यानं फोनवर सांगितलं होतं की पाचाच्या वर गेलीस तर सुई निघणार नाही, आणि नव्या हातानं सहावा थर घालूच नये.

सुती लुगडं कापण्यापेक्षा फाडणं चांगलं, कारण ते धाग्याच्या रेषेत फाटतं आणि कडा आपोआप सरळ येते. पण हे फक्त दमदार कापडाचं. विरलेलं लुगडं फाडताना रेघ सोडून भलतीकडे गेलं आणि एका पन्न्याची रुंदी वीतभर कमी झाली. नंतर विरलेल्या कापडातला एक आडवा धागा ओढून काढला. तो निघाला की रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. वेळ लागतो, पण कापड वाया जात नाही.

घडीच्या रेघा पन्न्याच्या मध्यात येऊ द्यायच्या नाहीत. जिथे कापायचं तिथेच घडी आणायची, म्हणजे कमकुवत पट्टी कडेला जाते आणि जोडात दडते.

३० मार्च, गुढीपाडवा

सगळे गावी आहेत, म्हणून दुपारी ओसरीवर सगळं अंथरलं. आत्याही होती. आप्पांची ही धाकटी बहीण, वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिनं आयुष्यभर उन्हाळ्यात वाकळा शिवल्या. रब्बीची सुगी आटोपली, ऊन कडक झालं की बायका हेच काम काढायच्या; कापड खडखडीत वाळतं आणि पावसाआधी पांघरूण तयार होतं.

चंद्रकळेवरून वाद झाला. ताईचं म्हणणं, वर दिसणारच नसेल तर गोधडीला अर्थ काय? दादाला ती मधोमध चौकोनात हवी. मी खालून मांजरपाटाचं अस्तर लावून ती वर घेण्याच्या विचारात होते. आत्यानं कापड हातात घेतलं, अंगठ्यानं नुसतं चोळलं आणि काळी पूड तिच्या बोटाला लागली.

"आगं, ही वरनं लावलीस तर दोन हिवाळं बी न्हाय टिकायची. पोटात घाल. पोटातलं कापड कुनी वढत न्हाय, घासत न्हाय. तुज्या आजीचं लुगडं माज्या वाकळंच्या पोटात हाय अजून."

मग तिनं घरातून ती वाकळ आणून दाखवली. वरचं कापड तिनं दोनदा बदललेलं, पाठ एकदा. कडेला एका ठिकाणी टाके उसवून आत बोट घातलं तर आजीचं लुगडं लागलं, विटकं, पण सलग. आमच्याकडच्या वाकळीत हेच चालत आलंय : वरचं झिजतं, ते काढून नवं लावायचं, पोट तेच. ज्या कापडात जीव आहे पण दम नाही, ते आत. ताईनं ती वाकळ बराच वेळ मांडीवर धरली आणि म्हणाली, घाल पोटात.

असं ठरलं. चंद्रकळेचं अंग दोन भाग करून दोन्ही गोधड्यांच्या पोटात, मधल्या थरात. वर-खाली गडद लुगड्यांचे थर, म्हणजे काळं उतरलं तरी पांढऱ्यावर येणार नाही. तांबडे काठ वेगळे काढून बाहेरून गोट म्हणून. सगळ्यांना रोज दिसेल ते काठ, आणि अंग आत सांभाळलेलं.

६ एप्रिल, रविवार

वरच्या थराचे तुकडे. ७ इंची चौकोन, जोडल्यावर ६ इंची. माझ्याकडे शिलाई मशीन नाही, म्हणून जोडणी ओळखीच्या शिंप्याकडे दिली. पहिली पट्टी आली तीच टाक्यांच्या रेघेवर फाटत होती. मशीनला १६ नंबरची सुई होती, जाड कापडाची. मऊ झालेल्या सुताचे धागे ती बाजूला सारत नाही, तोडते. ११ नंबर लावायला सांगितलं आणि टाका थोडा लांब ठेवायला. बारीक टाका म्हणजे जास्त भोकं, आणि जुन्या कापडात भोकांची ओळ म्हणजे फाडायची रेघ. पुढच्या पट्ट्या नीट आल्या.

इरकलीनं खूप वेळ खाल्ला. इरकल लुगड्याचं अंग सुती असलं तरी पदर रेशमी असतो, आणि पदराचा ताणा अंगाच्या ताण्यात फासांनी अडकवून जोडलेला असतो. विणकर त्याला कोंडी म्हणतात. मी चौकोन सोयीनं आखले आणि एक नेमका त्या जोडावर आला. कापल्याबरोबर फास सुटायला लागले. त्यानंतर ज्या चौकोनात कोंडी येणार तिथे कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांना आधी हातानं बारीक धावदोरा घातला, मगच कात्री.

पदराचं रेशीम ठिकठिकाणी उभं चिरलेलं होतं. त्याला मागून पेस्टिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवून पाहिलं. गरम इस्त्रीनं रेशीम अजून कडक झालं आणि जिथे पेस्टिंगची कड संपते तिथेच नवी चीर पडली. तो तुकडा गेला. बाकीच्या तुकड्यांना खाली मऊ धोतराचा तुकडा आणि वर बारीक जाळीची नेट असं सँडविच केलं. दोन्हीमधून हातानं टाके. नेट त्याच रंगाच्या जवळची घेतली तर हातभर अंतरावरून दिसत नाही. जर काळी पडलेली आहे, ती तशीच ठेवली. घासून चकाकवायला गेलं तर उरलेला मुलामाही जातो.

खणाचे तुकडे सगळ्यात गुणी. गुळेदगुड्डचा खण दाट विणीचा असतो. कापला, शिवला, ताणला, काही तक्रार नाही. जिथे चार कमकुवत चौकोन एकत्र येत होते तिथे मध्ये खणाचा तुकडा घातला.

अस्तरासाठी कोरा मांजरपाट आणला तो आधी धुऊन घेतला. मीटरमागे सात-आठ सेंटिमीटर आटला. लुगडी शेकडो वेळा धुतलेली, ती आता आटत नाहीत. कोरा मांजरपाट तसाच लावला असता तर पहिल्या धुण्यात वरचं सगळं सुरकुतलं असतं.

१३ एप्रिल, रविवार

ताईच्या गोधडीचे थर अंथरले. फरशी पुसून कोरडी केली, पाठ खाली उलटी, चार कोपऱ्यांवर पाट्या-वरवंट्यापासून मिळेल ते वजन. पोटातले पन्ने एकमेकांवर बोटभर चढवून ठेवले, जोडाला दुमड घातली नाही. दुमडलं की तिथे वरवंड येते आणि झोपताना बोचते. एका थराचा जोड डावीकडे आला तर पुढच्याचा उजवीकडे.

मग टाचणी. कडेनं आणि मधून एक उभी, एक आडवी रेघ असे कच्चे टाके घातले. पुरेल असं वाटलं.

२० एप्रिल, रविवार

शिवण सुरू. आमच्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनी फेरे घालत मध्यावर येतात. फेऱ्यांत बोटभर, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर अंतर. ५ बाय ७ फुटांवर असे फेरे घातले तर नुसत्या शिवणीची लांबी १६० मीटरच्या आसपास होते. टाके, गाठी, वाया जाणारं धरून २०० मीटर दोरा काढून ठेवावा.

दोऱ्याबद्दल. पहिल्या दोन फेऱ्यांना मशीनचं पॉलिएस्टर रीळ वापरलं, तुटत नाही म्हणून. तुटत नाही हाच त्याचा दोष. ओढ बसली की दोरा टिकतो आणि कापड चिरतं. गोधडीत तुटायचंच झालं तर दोऱ्यानं तुटावं, तो पुन्हा घालता येतो. दोन्ही फेरे उसवून सुती जाड दोरा घेतला. तो हातभरच घ्यावा. लांब घेतला तर पीळ सुटून गुंता होतो. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढला की सुरळीत चालतो.

सुई मोठ्या नेढ्याची पण बारीक अंगाची. दाभणानं सोपं जातं, पण मोठी भोकं राहतात. अंगुस्तान पहिल्या दिवसापासून घालावं. मी सवय नाही म्हणून घातलं नाही आणि मधल्या बोटाचं टोक सुजून आठवडाभर सुई धरता आली नाही.

पाच थरांतून तासाला चार-पाच मीटर शिवण होते, तीही बसायची सवय झाल्यावर. यापेक्षा वेगानं जायला गेलं की पाठीमागे टाका पडतच नाही, आणि ते उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. दर फेऱ्याला एकदा उलटून पाहावं.

४ मे, रविवार

मध्यावर फुगा आला. वरचं कापड कडेकडून सरकत सरकत आत गोळा झालं आणि शेवटच्या हातभर चौकोनात सगळं जमून उभं राहिलं. हातानं दाबलं तर दुमडच पडते.

आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, "पोट ताणून घेतलं न्हाईस. आन् टाचलंस किती? वीत-वीतभर टाचायचं असतं, निसता क्रूस काढून न्हाय चालत."

बरोबर होतं. कडेकडून शिवत येताना प्रत्येक टाका कापडाला किंचित पुढे ढकलतो. ते थांबवायला टाचण आधी मध्यापासून बाहेर आणि दाट लागते. आतले बरेच फेरे उसवले. थर हातानं मध्यापासून कडेला सारखे केले, वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घातले, पण कडेचे फेरे शिवलेले असल्यानं जादा कापडाला बाहेर जायला वाटच नव्हती. शेवटी आणखी बाहेरचेही फेरे उसवून ते कापड चारही बाजूंना थोडं थोडं वाटून दिलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं जवळपास सगळं काम गेलं.

उसवताना एक चांगली गोष्ट कळली : सुती दोऱ्यानं शिवलेलं असल्यामुळे कापडाला कुठेही इजा नव्हती. पॉलिएस्टर असतं तर इथे तुकडे बदलावे लागले असते.

दादाच्या गोधडीला आता पहिल्यापासून वीतभर टाचण. ते एकटीनं होत नाही. एकानं ताणून धरायचं, दुसऱ्यानं टाचायचं. दादा स्वतः येऊन बसला.

१८ मे, रविवार

दादाची गोधडी निम्म्याहून जास्त झाली, फुगा नाही. चंद्रकळेच्या थरावरून सुई जाते तेव्हा हाताला कळतं. तिथे सुई जराही अडत नाही, इतकं ते कापड विरलंय. म्हणून त्या भागात फेऱ्यांमधलं अंतर थोडं वाढवलं. विरलेल्या थराला जास्त टाके घालण्यात फायदा नाही, त्याला दोन्ही बाजूंच्या थरांनीच धरून ठेवायचं आहे.

२७ मे, मंगळवार

यंदा मे महिन्यातच पाऊस लागून राहिला. काल मान्सूननं मुंबई-पुण्यापर्यंत मजल मारली, एरवी जूनचा पहिला पंधरवडा उजाडतो. गावच्या ओसरीवर अंथरून ठेवलेली दादाची गोधडी एका कोपऱ्याला भिजली, आणि ते सकाळी कळलं. ऊन नाही, हवा दमट. पाच थर, त्यामुळे आतलं पाणी बाहेर यायला तयार नाही. दोन खुर्च्यांवर बाज आडवी टाकून तिच्यावर गोधडी पसरली, खालून टेबलफॅन लावला आणि दर दोन तासांनी उलटली. वाळायला पूर्ण दोन दिवस गेले. कुबट वास आला नाही, पण भिजलेल्या भागातून पाठीवर काळसर छटा आली आहे. चंद्रकळेचा रंग. पाठ गडद हिरवी आहे म्हणून फारसा दिसत नाही. गडद थरांमध्ये तिला ठेवल्याचा उपयोग इथे झाला.

हे काम मार्चऐवजी फेब्रुवारीत काढावं. उन्हाचे दिवस हिशेबापेक्षा कमी मिळतात.

८ जून, रविवार

गोट. चंद्रकळेचे तांबडे काठ सरळ दुमडून कडेला लावले, तर कड लाटेसारखी वर-खाली व्हायला लागली. काठाची वीण अंगापेक्षा दाट असते, तो ताणला जात नाही, आणि गोधडीची कड मात्र शिवणीनं थोडी आक्रसलेली असते. लांबी मोजून पाहिली तर गोधडीची लांब बाजू टोकांना आणि मध्यात सारखी नव्हती. त्यावर उपाय : प्रत्येक बाजूचे आठ समान भाग करून खुणा, काठाचेही आठ भाग, खुणेला खूण टाचायची आणि मधलं जादा बोटांनी वाटत जायचं. ओला फडका ठेवून वाफ दिली की कड बसते.

काठ काढताना त्याला इंचभर काळं अंग मुद्दाम जोडून ठेवलं होतं. दुमडीत आत जातं, दिसत नाही, आणि काठाच्या अगदी टोकाला सुई घालावी लागत नाही. कडेची तुरपाई मी हातानंच केली, आतल्या बाजूनं बारीक.

कोपऱ्यांना खणाच्या तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या लावल्या. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कवंदीच्या (त्यांच्याकडच्या गोधडीच्या) कोपऱ्यांना अशी कापडी फुलं लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असं मानत नाहीत. मला ती रीत फार आवडते. शिवाय फायदाही आहे, गोधडी ओढताना हात कोपऱ्यालाच जातो आणि तिथे जादा कापड असलेलं चांगलं.

पाठीच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं लिहिलं : पोटात आईची चंद्रकळा, २०२५. पुढे कुणी वरचं कापड बदलायला घेईल तेव्हा त्याला आत काय आहे ते कळलं पाहिजे.

१५ जून, रविवार

दुपटं. बाळाच्या अंगाला लागणार म्हणून काळं काही नाही, जर नाही, टेरिकॉट नाही, बटण नाही, नेट नाही. आप्पांच्या सगळ्यात जुन्या धोतराचे दोन थर आणि मध्ये आईच्या पिवळ्या पातळाचा एक. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालंय की शिवताना घडी हातात राहत नाही. इथे विरलेपण कामाला आलं. लहान आहे, भार नाही, ओढ नाही. हे सलग फेऱ्यांऐवजी उभ्या सरळ रेघांत शिवलं, गाठी सगळ्या थरांच्या आत ओढून घेतल्या. बाळाच्या बोटाला दोऱ्याचं सैल टोक गुंडाळलं जाऊ शकतं, म्हणून बाहेर एकही टोक ठेवलं नाही. पाण्याला उकळी आणून ते कोमट झाल्यावर दोनदा धुतलं, रंग सुटला नाही.

२२ जून, रविवार

खर्च : सुती दोरा ३२० रुपये, सुया आणि अंगुस्तान ९०, मेण ४०, मांजरपाट तीन मीटर २१०, नेट ८०, पेस्टिंग ६० (वाया गेलं), शिंप्याची मजुरी ६५०. एकूण १,४५०. कापडाला पैसे नाहीत. वेळेचा हिशेब रुपयांत करण्यात अर्थ नाही, पण कुणी बाहेर शिवायला देणार असेल तर मजुरीवरून घासाघीस करू नये एवढं आता मनापासून सांगते.

दोन्ही गोधड्या एकदा धुऊन मगच दिल्या. कोरड्या असताना पावणेदोन-दोन किलोच्या आत-बाहेर, भिजल्या की दुपटीहून जड. दोरीवर मधोमध टाकल्या तर सगळा भार दोरीवरच्या टाक्यांवर येतो आणि तिथले टाके तुटतात. बाजेवर किंवा गच्चीत चादर अंथरून आडव्या वाळवायच्या, दोघांनी उचलायच्या. वॉशिंग मशीनमध्ये घालायच्या नाहीत, हे ताईला दोनदा सांगितलं आहे. पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा अंगावर घेतलेल्या बऱ्या. रोज उलगडल्या, झटकल्या जातात.

धुतल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. ताईच्या गोधडीत इरकलीच्या एका चौकोनावरची नेट एका बाजूनं सुटली आहे. तिला कडेनं आणखी एक धावदोरा लागेल, पुढच्या रविवारी ती घेऊन येते आहे. आणि दादाच्या गोधडीत टेरिकॉटचे दोन चौकोन शेजारी-शेजारी आलेत, तिथे कापड फुगीर दिसतं, कारण शेजारचं सूत बसलं आणि टेरिकॉट बसलं नाही. ते चौकोन काढून धोतराचे घालायचे की तसेच राहू द्यायचे, ते दादावर सोडलंय. सदरे त्याच्या आग्रहानं घेतले होते.

रंग सोडणारं तांबडं लुगडं, खणाचे बारीक तुकडे आणि दोन खांड मांजरपाट उरलं आहे. तांबड्याची उशीची खोळ होईल, ती एकटीच धुवायची.